दिसतंय नीट, मग पडदा कशाला तपासायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ५८ वर्षांचे, दहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू आहेत. बारीक अक्षर वाचतात, गाडी चालवतात, चष्म्याचा नंबर सहा महिन्यांपूर्वीच तपासून झाला. तरी त्यांचे डॉक्टर म्हणतात, थेंब टाकून डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. दिसण्यात काही फरक नसताना याची खरंच गरज आहे का? पडद्याचे आजार असतात तरी कोणते, लवकर कळून काय फरक पडतो, आणि त्या थेंबांनी डोळ्यांना काही होत तर नाही ना?

गरज आहे. दहा वर्षांत एकदाही पडदा पाहिला गेला नसेल तर याच आठवड्यात वेळ घ्यावी इतकी आहे. मी बरीच वर्षं फक्त पडद्याच्या आजारांवर उपचार करते, आणि पहिल्या भेटीत रुग्णांकडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य आहे, "परवापर्यंत सगळं छान दिसत होतं." ते खरंच सांगत असतात. आजार पडद्यावर कित्येक वर्षं असतो आणि दिसणं मात्र परवापर्यंत शाबूत असतं. असं का होतं ते आधी सांगते.

पडदा म्हणजे रेटिना, दृष्टिपटल. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून लागून असलेला, साधारण पाव मिलिमीटर जाडीचा थर. गर्भात तो मेंदूच्याच भागापासून तयार होतो. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दहा-बारा कोटी पेशी असतात आणि त्यांनी टिपलेलं सगळं दहा-बारा लाख तंतूंच्या एका नसेतून मेंदूकडे जातं. वाचणं, चेहरे ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही कामं मात्र मधोमध असलेल्या मॅक्युलाची. हा भाग जेमतेम पाच मिलिमीटरचा, आणि त्यातही सर्वांत तीक्ष्ण दृष्टी मधल्या दीड मिलिमीटरची. भिंतीवरचा तक्ता वाचून घेतो तेव्हा तपासणी होते ती या एवढ्याशा जागेची. बाकीच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके पडलेले असोत, नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवलेल्या असोत, कडेला छिद्र पडलेलं असो, तक्त्यावरची शेवटची ओळ तरीही वाचता येते. चष्म्याचा नंबर तपासणं आणि पडदा तपासणं या दोन निराळ्या तपासण्या आहेत आणि एकीच्या निकालावरून दुसरीबद्दल काहीही सांगता येत नाही.

पडद्यात वेदना कळवणाऱ्या नसा नाहीत. त्यामुळे तो आजारी पडला तर डोळा दुखत नाही, लाल होत नाही, त्यातून पाणी येत नाही. शिवाय डोळे दोन आहेत. एका डोळ्याची नजर हळूहळू गेली तर दुसरा डोळा आणि मेंदू मिळून ती उणीव भरून काढतात, इतकी की माणसाला पत्ताच लागत नाही. कधीतरी चांगल्या डोळ्यात कचरा जातो, तो चोळताना दुसऱ्याने काहीच दिसत नाही हे लक्षात येतं आणि माणूस घाबरून धावत येतो. प्रत्यक्षात त्या डोळ्याची नजर कित्येक महिन्यांपूर्वीच गेलेली असते.

आणखी एक गोष्ट. पडद्याच्या मेलेल्या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. मोतीबिंदूत भिंग धूसर होतं, ते काढून कृत्रिम भिंग बसवलं की नजर परत येते. पडद्याचं तसं नाही. आमच्या बहुतेक उपचारांची ताकद आहे तेवढी नजर टिकवण्यात आहे. काही आजारांत गेलेली नजर बऱ्यापैकी परत मिळते, पण तीही उपचार किती लवकर सुरू झाला यावर ठरते. म्हणून वडिलांना चांगलं दिसतंय हेच तपासणी आत्ता करण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. वाचवण्यासारखं सगळं अजून हातात आहे.

आता मधुमेहाकडे येते, कारण वडिलांचा प्रश्न तोच आहे. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात, भिंतीला सूक्ष्म फुगे येतात, त्यांतून रक्त आणि पाणी झिरपतं. ही पहिली पायरी, आणि या पायरीवर माणसाला काही म्हणजे काही जाणवत नाही. झिरपलेलं पाणी मॅक्युलात साठलं तर तिथे सूज येते आणि नजर धूसर होऊ लागते. मधुमेहात नजर कमी होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण ही सूजच. दुसरीकडे काही वाहिन्या बंद पडतात. ज्या भागाला रक्त मिळत नाही तो भाग व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि त्याच्या प्रभावाने नव्या रक्तवाहिन्या उगवतात. नव्या म्हटल्यावर चांगल्या वाटतील, पण या वाहिन्या अत्यंत नाजूक असतात. एखाद्या सकाळी त्यांतली एक फुटते, डोळ्याच्या आतल्या पोकळीत रक्त पसरतं आणि समोर काळी जाळी येते. पुढे त्यांच्याभोवती व्रणासारखी तंतुमय ऊती तयार होऊन आकसते आणि पडद्याला ओढून भिंतीपासून सोडवते. तिथवर गेलेल्या डोळ्याची शस्त्रक्रिया तासन्‌तास चालते आणि निकालाची खात्री देता येत नाही.

जगभरच्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले तर मधुमेह असलेल्या साधारण तीन माणसांत एकाच्या पडद्यावर या आजाराचे काही ना काही बदल सापडतात आणि दहांत एकाची नजर धोक्यात असते. काळ जसा वाढतो तसं हे प्रमाणही वाढतं. बहुधा मोठ्या वयात होणाऱ्या टाइप २ मधुमेहाचं निदान होतं तेव्हा तो शरीरात काही वर्षं आधीपासून मुरलेला असतो, म्हणून त्यात पहिली पडदा-तपासणी निदान झाल्याबरोबर करायची. लहान किंवा तरुण वयात होणाऱ्या टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत. पुढे दोघांचीही वर्षातून एकदा, आणि बदल दिसू लागले की डॉक्टर सांगतील तितक्या कमी अंतराने. मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा पाहून घ्यावा लागतो, कारण गरोदरपणात हा आजार वेगाने वाढू शकतो. वडिलांच्या बाबतीत पहिली तपासणी दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. त्यात त्यांचा दोष नाही, पुष्कळांना हे कुणी सांगतच नाही.

साखर आटोक्यात ठेवून खरंच किती फरक पडतो, याचं ठोस उत्तर १९९३ साली मिळालं. टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या डीसीसीटी या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत, ज्यांची साखर काटेकोर ठेवली होती त्यांना पडद्याचा आजार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांना तो आधीच सुरू झाला होता त्यांच्यात त्याचा वेग ५४ टक्क्यांनी मंदावला. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या टाइप २ च्या मोठ्या अभ्यासाने १९९८ मध्ये रक्तदाबाचं महत्त्व दाखवून दिलं: रक्तदाब नीट आटोक्यात ठेवलेल्या गटात पडदा बिघडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं. साखरेच्या रिपोर्टकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारी माणसं बीपीच्या गोळ्या मात्र "आता बरं वाटतंय" म्हणून सोडून देतात. पडद्यासाठी दोन्ही सारखेच महत्त्वाचे आहेत. लघवीतून प्रथिनं जाऊ लागली असतील तर तेही आम्हाला सांगा, कारण मूत्रपिंडातल्या आणि डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बऱ्याचदा एकाच वेळी बिघडतात.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. साखर अनेक वर्षं फार जास्त असेल आणि ती इन्सुलिनने किंवा नव्या औषधांनी झपाट्याने खाली आणली, तर सुरुवातीच्या काही महिन्यांत पडद्याचा आजार थोडा वाढू शकतो. साखर कमी करू नये असा याचा अर्थ मुळीच नाही, पुढच्या काळात फायदाच होतो. पण असा मोठा बदल करण्याआधी पडदा पाहून घेतला तर गरज असेल तिथे उपचार आधी करता येतो. आणि साखर वर-खाली होत असताना भिंगाची सूज बदलते, चष्म्याचा नंबरही बदलतो. साखर काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय नवा चष्मा करू नका.

उपचारांपैकी लेसर सर्वांत जुना. नव्या रक्तवाहिन्या उगवल्या असतील तर पडद्याच्या कडेच्या, रक्त न मिळणाऱ्या भागावर लेसरचे शेकडो बारीक ठिपके देतात. त्या भागाची प्राणवायूची मागणी घटते, व्हीईजीएफ कमी होतं आणि नव्या वाहिन्या सुकतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत या उपचाराने नजर गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून जास्त घटला आणि आजही तो तितकाच उपयोगी आहे. लेसरने डोळे जातात, हा समज मला फार अस्वस्थ करतो. लेसरची वेळ टळून गेल्यावर आलेल्या रुग्णाची नजर आजारामुळे जाते आणि दोष लेसरला लागतो. ते पाहून शेजारचा माणूस वेळेवर मिळणारं लेसर नाकारतो. लेसरने रात्रीचं आणि कडेचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं, हे खरं आहे आणि ते आधी सांगितलं पाहिजे. पण बदल्यात मधली नजर वाचते.

मॅक्युलाच्या सुजेवर आता डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकून अंगावर काटा येतो, मला कल्पना आहे. प्रत्यक्षात डोळा थेंबांनी बधिर करून, निर्जंतुक करून, बुबुळाच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटरवर पांढऱ्या भागातून ०.०५ मिलिलीटर औषध आत सोडतात. काही सेकंदांचं काम. ही औषधं व्हीईजीएफला अडवतात. रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये, अफ्लिबरसेप्ट २०११ मध्ये आणि फॅरिसिमॅब २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. मूळ कर्करोगासाठी बनवलेलं बेव्हॅसिझुमॅबही जगभर वापरलं जातं. यांच्यामुळे मी जो काळ पाहिला आहे त्यात पडद्याच्या रुग्णांचं भविष्य पार बदलून गेलं. पण औषधाचा असर काही आठवडे टिकतो, म्हणून सुरुवातीला दर महिन्याला आणि मग हळूहळू अंतर वाढवत इंजेक्शनं घ्यावी लागतात. एक-दोन घेऊन बरं दिसू लागलं की लोक थांबतात, सूज परत येते, आणि मग औषधाचा उपयोग नाही असं म्हणतात. कृपा करून असं अर्ध्यावर सोडू नका. इंजेक्शननंतर डोळ्यात गंभीर जंतुसंसर्ग होण्याचा धोका काही हजारांत एखाद्याला असतो, पण असतो. पुढच्या आठवडाभरात डोळा दुखू लागला, लाल झाला, दिसणं कमी झालं तर रात्र असली तरी लगेच डॉक्टरांना गाठा.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबद्दलही सांगते, कारण वडिलांच्या वयाला तो पुढचा प्रश्न असेल. मधुमेहात शस्त्रक्रियेआधी पडदा पाहणं अत्यावश्यक आहे. पडद्यावर सूज असताना फक्त भिंग बदललं तर नजर अपेक्षेइतकी येत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर ती सूज वाढूही शकते. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबायचा जुना सल्ला या लोकांसाठी तर घातकच, कारण तितक्या पांढऱ्या भिंगातून आम्हाला मागचा पडदा दिसत नाही. मग सोनोग्राफीवर विसंबावं लागतं आणि तिच्यात बारीक बदल कळत नाहीत.

आतापर्यंत सांगितलं ते वर्षानुवर्षं गुपचूप वाढणाऱ्या आजाराबद्दल. काही आजारांत मात्र दिवसांचा, कधी तासांचा प्रश्न असतो, आणि तिथे घरच्या माणसांना लक्षणं माहीत असली तर डोळा वाचतो.

पडदा सुटणं हा त्यातला मुख्य. डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पदार्थ असतो, विट्रियस. वयानुसार तो पातळ होऊन आकसतो आणि पडद्यापासून वेगळा होतो. बहुतेकांत हे निर्धोक असतं, थोडे दिवस काळे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही डोळ्यांपुढे तरंगतं आणि मग सवय होते. पण काहींमध्ये जेली पडद्याला घट्ट चिकटलेली असते, ती सुटताना पडदा फाटतो. अचानक नवे ठिपके आणि प्रकाशाचे झोत दिसू लागलेल्या साधारण सात माणसांत एकाला असं छिद्र सापडतं. त्या छिद्रातून पातळ झालेलं द्रव पडद्यामागे शिरतं आणि ओल धरलेल्या भिंतीचा रंग सुटावा तसा पडदा सुटत जातो. माणसाला बाजूने किंवा खालून-वरून काळी सावली सरकत येताना दिसते.

ही तीन लक्षणं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: अचानक वाढलेले काळे ठिपके, अंधारातही चमकणारे प्रकाशाचे झोत आणि एका बाजूने येणारी सावली. यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, थेंब टाकून पडद्याची कड पाहून घ्यायची. नुसतं छिद्र असेल तर त्याच्याभोवती लेसर करून काही मिनिटांत ते बंदिस्त करता येतं आणि रुग्ण घरी जातो. पडदा सुटला असेल आणि मॅक्युला अजून जागेवर असेल तर शस्त्रक्रिया तातडीने करतात, कारण नजर जवळजवळ पूर्ण वाचू शकते. मॅक्युलाही सुटल्यावर पडदा पुन्हा बसवता येतो, पण वाचण्याची नजर पूर्वीसारखी होईलच असं सांगता येत नाही. हे दोन निकाल दोन-तीन दिवसांच्या फरकाने ठरतात. "सोमवारी दाखवू" यात किती काही जातं, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पडदा सुटलेला डोळा म्हणजे आंधळा डोळा, असंच होतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे ज्यूल गोनँ यांनी दाखवून दिलं की मूळ कारण ते छिद्र आहे आणि ते बंद केलं तर पडदा बसतो. त्यांच्या काळात बहुतेक सहकाऱ्यांना हे पटत नव्हतं. १९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्याच्या आत जाऊन जेली काढायची व्हिट्रेक्टॉमी विकसित केली. आज पहिल्याच शस्त्रक्रियेत दहांपैकी साधारण आठ-नऊ पडदे बसतात. शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल तर तो विरेपर्यंत विमानप्रवास पूर्ण वर्ज्य. उंचीवर बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. डॉक्टरांनी डोकं एका ठरावीक स्थितीत ठेवायला सांगितलं असेल तर तो उपचाराचाच भाग आहे. ते कंटाळवाणं असतं, तरी पाळा.

कुणाला धोका जास्त? ज्यांचा मायनस नंबर सहाच्या पुढे आहे, ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, डोळ्याला मार लागला आहे, दुसऱ्या डोळ्याचा किंवा घरात कुणाचा पडदा सुटला आहे त्यांना. मोठा मायनस नंबर असलेल्यांनी लक्षणं नसतानाही ठरावीक काळाने पडद्याची कड तपासून घ्यावी. लेसर करून चष्मा घालवला म्हणून हा धोका जात नाही, कारण डोळ्याची लांबी तीच राहते आणि ताणलेला पडदाही तोच. चष्मा गेलेली तरुण मुलं हे हमखास विसरतात.

दुसरी तातडी रक्तवाहिनी बंद पडण्याची. पडद्याची शीर, म्हणजे रक्त परत नेणारी वाहिनी, तुंबली तर एका डोळ्याने अचानक धूसर दिसतं, दुखत काही नाही. बहुतेक वेळा मुळाशी रक्तदाब असतो, कधी मधुमेह किंवा काचबिंदू. यातल्या सुजेवर वरचीच इंजेक्शनं उपयोगी पडतात. पण मुख्य धमनी बंद पडली तर एका डोळ्यापुढे क्षणात अंधार होतो. हा डोळ्यातला पक्षाघात आहे आणि पडदा रक्ताशिवाय काही तासच तग धरतो. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात किंवा दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीत न जाता थेट पक्षाघातावर उपचार करणारं मोठं रुग्णालय गाठायचं. काही मिनिटं अंधारी येऊन नजर परत आली तरी जायचं, कारण मेंदूचा पक्षाघात येण्याआधीची ती सूचना असू शकते. वय पन्नासच्या पुढे असेल आणि सोबत कपाळाच्या बाजूला दुखत असेल, चावताना जबडा दुखत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यामागे धमन्यांचा एक दाह असू शकतो आणि वेळेवर स्टिरॉइड सुरू केलं नाही तर दुसरा डोळाही जाऊ शकतो.

पन्नाशी-साठीनंतर मॅक्युला झिजण्याचा आजार सुरू होतो, त्याला एएमडी म्हणतात. कोरडा प्रकार जास्त आढळतो आणि सावकाश वाढतो. ओला प्रकार कमी जणांना होतो, पण मॅक्युलाखाली नव्या वाहिन्या फुटून आठवड्यांत नजर घालवतो. त्याची पहिली खूण बहुधा अशी: दाराची चौकट, फरशीची रेघ, वहीच्या ओळी मध्येच वाकड्या दिसतात. एक डोळा झाकून चौकोनी रेघांचा कागद, म्हणजे ॲम्सलर ग्रिड, आठवड्यातून एकदा पाहायची सवय या रुग्णांना लावावी. नव्याने वाकडं दिसू लागलं तर काही दिवसांत दाखवायचं. या आजारात आपल्या हातात असलेला सर्वांत मोठा धोका धूम्रपानाचा.

व्हिटॅमिनच्या गोळ्यांबद्दल खूप विचारणा होते. २००१ च्या एआरईडीएस या चाचणीत जीवनसत्त्वं आणि झिंक यांच्या ठरावीक मोठ्या मात्रेने मध्यम टप्प्यावरचा आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका साधारण २५ टक्क्यांनी घटला. २०१३ च्या पुढच्या चाचणीनंतर त्यातलं बीटा-कॅरोटिन काढून ल्युटिन आणि झिॲक्झँथिन घातलं, कारण धूम्रपान करणाऱ्यांत बीटा-कॅरोटिनने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणजे या गोळ्या मध्यम टप्प्याच्या रुग्णांसाठी आहेत. डोळे निरोगी असलेल्यांनी त्या घेऊन आजार टळतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि मधुमेहाच्या पडद्यावर तर त्यांचा काही संबंध नाही.

मुलांबद्दल दोनच गोष्टी, पण दोन्ही जपून ठेवा. कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अपुऱ्या वाढलेल्या असतात. त्या पुढे वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढू शकतात, याला आरओपी म्हणतात. किती आठवड्यांच्या आणि किती वजनाच्या बाळाला तपासायचं याचे निकष देशादेशांत वेगळे आहेत, पण पहिली तपासणी जन्मानंतर साधारण चार आठवड्यांच्या आत व्हावी लागते. उपचाराची गरज निघाली तर तो दोन-तीन दिवसांत करावा लागतो. बाळ अतिदक्षता विभागातून घरी आलं, आता थोडं मोठं झालं की दाखवू, असं म्हणायला इथे वेळच नसतो. घरी सोडताना "पडद्याची तपासणी कधी?" हे विचारून तारीख लिहून घ्या. दुसरी गोष्ट, लहान मुलाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लालऐवजी पांढरी दिसत असेल किंवा नव्याने तिरळेपणा आला असेल, तर त्याच आठवड्यात पडदा तपासा. त्यामागे रेटिनोब्लास्टोमा हा पडद्याचा कर्करोग असू शकतो. तो बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांत होतो, आणि वेळेत सापडला तर मूल वाचतं, पुष्कळदा डोळाही.

आनुवंशिक आजारांत रेटिनायटिस पिगमेंटोझा मुख्य. आधी रातांधळेपणा, मग नजरेचा घेर नळीतून पाहावं तसा लहान होत जाणं. एका विशिष्ट जनुकातल्या, आरपीई६५ मधल्या, बिघाडासाठी जनुक उपचार २०१७ साली अमेरिकेत मान्य झाला. बाकीच्या बहुतेक प्रकारांना अजून तसा उपाय नाही. म्हणून या कुटुंबांना मी जनुकीय तपासणी, समुपदेशन आणि कमी दृष्टीसाठीची साधनं यांकडे वळवते. मूलपेशी टोचून नजर परत आणतो म्हणून पैसे घेणाऱ्यांपासून त्यांनी दूर राहावं. अशा अप्रमाणित इंजेक्शनांनी असलेली नजर गेल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या गेल्या आहेत.

संधिवात किंवा ल्युपससाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनीही पडदा पाहून घ्यावा: सुरू केल्यावर पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, मूत्रपिंड नाजूक असेल तर आधीपासूनच. रोजची मात्रा वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात.

आता वडिलांची तपासणी. नजर आणि डोळ्यातला दाब आधी पाहतील, मग बाहुली मोठी करणारे थेंब घालतील. अर्ध्या तासाने बाहुली उघडली की पडद्याची कड न्‌ कड पाहता येते. गरज वाटली तर ओसीटी करतील. यात प्रकाशाने पडद्याच्या थरांचा छेद दिसतो, काही हजारांश मिलिमीटरची सूजही मोजता येते, आणि डोळ्याला काही लागत नाही. काही ठिकाणी थेंबांशिवाय कॅमेऱ्याने फोटो काढून संगणकाकडून प्राथमिक निदान करतात. दूरवर जिथे पडद्याचे डॉक्टर नाहीत तिथे हे फार मोलाचं आहे. मात्र त्या फोटोत पडद्याची कड येत नाही. म्हणून फोटोत दोष निघाला, फोटो अस्पष्ट आला किंवा ठिपके-झोत अशी लक्षणं असली तर थेंब घालून तपासणी करायलाच हवी.

जाताना एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि लघवीतल्या प्रथिनांचे अलीकडचे रिपोर्ट न्या. निघताना तीन गोष्टी लिहून मागा: दोन्ही डोळ्यांत आजार कोणत्या टप्प्यावर आहे, मॅक्युलात सूज आहे की नाही, आणि पुढची तारीख कोणती. "पडदा ठीक आहे" एवढंच ऐकून परतू नका, कारण पुढच्या वर्षी तुलना करायला ती नोंदच उपयोगी पडते. नोंदीची एक प्रत मधुमेहाच्या डॉक्टरांनाही द्या. पडदा स्वच्छ निघाला तर आनंदच आहे, पण तारीख एका वर्षानंतरची पक्की करा.

थेंबांनी डोळ्यांना इजा होत नाही. चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, म्हणून त्या दिवशी वडिलांना गाडी चालवू देऊ नका, सोबत कुणीतरी जा आणि गॉगल न्या. डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो आतला कोन अरुंद असलेल्या थोड्या लोकांत थेंबांनी दाब वाढू शकतो, त्यासाठीच थेंबांआधी दाब आणि कोन पाहतात. घरी आल्यावर डोळा जोरात दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली किंवा मळमळलं, तर लगेच परत जा.